उन्हाचा सल्ला नेमका कुणाला?

उन्हाळा सुरू झाला, की आम्ही डॉक्टर मंडळी एक ठरलेला सल्ला देतो, 'दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका.' सल्ला योग्यच आहे. पण वीटभट्टीवर किंवा बांधकामावर रोजंदारीने राबणाऱ्याने तो पाळावा कसा? घरी बसले, तर मजुरी बुडते.

आपले शरीर घामावाटे थंड राहते. कडक ऊन, अंगमेहनत आणि पाण्याची कमतरता एकत्र आली, की ही व्यवस्था कोलमडते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे ही सुरुवातीची लक्षणे. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन रोगी असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी रोग्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ साली या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. त्यात नागरिकांना आगाऊ इशारा देणे आणि दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे यांवर भर होता.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो. भारतात त्याचे दरडोई प्रमाण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यातही ज्याच्या घरी ना गाडी ना वातानुकूलन यंत्र, त्या मजुराचा वाटा तो किती! तरी झळ सर्वांत आधी त्यालाच लागते. म्हणून हा प्रश्न आरोग्याचा तसाच न्यायाचाही आहे.

तेव्हा यंदाचा सल्ला काम देणाऱ्यांना, म्हणजे शेतमालक, ठेकेदार, मुकादम आणि घर बांधायला काढलेल्या आपल्यासारख्यांनाही. काम सकाळी सहालाच सुरू करावे, भर दुपारी थांबवावे व उरलेले उन्हे कलल्यावर घ्यावे. कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. नव्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्यावे, म्हणजे त्याचे शरीर उन्हाला सरावते. विश्रांतीची मजुरी मात्र कापू नये. ती कापली, तर तो सावलीत बसणारच नाही.