नहराची पाळी, तारेची पाळी

सेलू तालुक्यात बोर धरणाच्या नहराखाली ज्यांचे वावर आहे, त्यांना पाळी म्हणजे काय हे सांगायला नको. वरच्याने दार सताड उघडले, की शेवटच्या वावरात धूळच!

इंटरनेटच्या तारेचेही तसेच. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. समजा, तुमच्या शाळेला दहा मेगाबिटांची जोडणी आहे. गुरुजी दुसऱ्या गावच्या मुलांना शिकवताहेत आणि शेजारच्या खोलीतून संमेलनाची चित्रफीत पाठवणे चालू आहे. चित्रफीत थोडी थांबली तरी चालते. बोलणे १५० मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळले, की संवाद अडखळू लागतो.

उपाय राउटरच्या बाहेर जाणाऱ्या दारात आहे. ते दार शंभर मेगाबिटांचे असते, म्हणून राउटरला जागा भरपूर वाटते आणि रांग पुढे, आपल्या हाताबाहेर लागते. म्हणून आधी वेग मोजा. दहा भरला, तर तेथे नऊ लिहा. रांग आपल्याच दारी राहील. मग बोलण्याला पहिला मान द्या, पण मर्यादा घालून. नाहीतर इतरांची पाळी यायचीच नाही.

याने तारेत थेंबभरही भर पडत नाही. पण कोणाचे वावर आधी भिजवायचे, हे यंत्रावर न सोडता शाळेनेच ठरवलेले बरे.