शर्यतींचे संघ (भाग ७) : चोपाऊचं इंजिन, हमामात्सूचा करंडक

मागच्या आठवड्यात आपण इटलीच्या एमव्ही ऑगुस्टाचा थाट पाहिला. काउंटचा पैसा, लाल-रुपेरी गाड्या, आणि दुसऱ्याच्या संघातला एखादा स्वार मनात भरला की त्याला उचलून आणण्याची ऐपत. आजचा संघ याच्या अगदी उलट. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या लहानशा गावातला, सरकारी कारखान्याचा, खिशात परकीय चलन नाही आणि स्पर्धेला परदेशी जायचं तर पासपोर्टपासून परवानगीपर्यंत सगळ्यासाठी वरच्यांच्या तोंडाकडे पाहणारा. नाव एमझेड. या संघाने १९५५ ते १९७६ या काळात १३ ग्रां प्री जिंकल्या. विश्वविजेतेपद एकही नाही. आणि तरी पुढच्या चार दशकांत जगातल्या शर्यतींच्या टू-स्ट्रोक गाड्या ज्या तंत्रावर धावल्या, ते तंत्र घडलं याच गावात.

आपलं तंत्र दुसऱ्यांच्या कामी येणं चोपाऊला नवं नव्हतं. यॉर्गेन स्काफ्ट रासमुसेन या डॅनिश गृहस्थाने इथे डीकेडब्ल्यूचा कारखाना उभा केला, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो जगातला सर्वांत मोठा मोटरसायकल कारखाना होता. १९३८ मध्ये एवाल्ड क्लुगेने आइल ऑफ मॅनची २५० सीसीची टीटी डीकेडब्ल्यूच्या टू-स्ट्रोकवर जिंकली. महायुद्ध संपलं तेव्हा गाव रशियनांच्या वाट्याला गेलं. त्यांनी नुकसानभरपाई म्हणून यंत्रसामग्री उचलून नेली. युद्धाच्या तोंडावर निघालेली या कारखान्याची आरटी १२५ ही साधी, टिकाऊ गाडी तर सगळ्यांचीच झाली. इंग्लंडमध्ये तिची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने तिच्यावरून छोटी गाडी काढली, रशियात तिला मॉस्क्वा म्हणू लागले. आणि १९५५ मध्ये जपानमध्ये एका वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने आपली पहिली मोटरसायकल बाजारात आणली, तीही याच आरटीवर बेतलेली. कंपनी अर्थात यामाहा. म्हणजे चोपाऊचं डोकं आणि दुसऱ्याचा कारखाना, हा शिरस्ता आपल्या आजच्या गोष्टीच्या आधीच पडला होता.

रिकाम्या झालेल्या कारखान्यात पुन्हा गाड्या बनू लागल्या, आणि १९५३ मध्ये शर्यत विभागाची सूत्रं वाल्टर काडेन या चौतिशीच्या इंजिनिअरकडे आली. काडेन याच भागातला, जवळच्या पोबरशाऊचा. युद्धाच्या काळात तो हेन्शेल या विमान कंपनीत होता, पेनेम्युंडेलाही काम केलेलं. यावरून एक आख्यायिका फार लोकप्रिय आहे: व्ही-१ या उडत्या बाँबच्या धडधडणाऱ्या जेट इंजिनावरून त्याला टू-स्ट्रोकचा मंत्र सापडला. गोष्ट म्हणून झकास आहे. पण व्ही-१ होता फीझेलर कंपनीचा. काडेनच्या कंपनीचा बाँब होता एचएस २९३, तो रॉकेटवर चालायचा. मला विचाराल तर काडेनचं श्रेय बाँबला देण्याची गरजच नाही. त्याचं खरं कसब चौकस जुळवाजुळवीचं होतं. तुकडे दुसऱ्यांनी शोधले होते; ते एका इंजिनात एकमेकांशी बोलायला लावले त्याने.

ते तुकडे कोणते, हे समजून घ्यायला टू-स्ट्रोकची मूळ खोड माहीत हवी. या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात आणि खालीवर होणारा पिस्टनच ती उघडतो, झाकतो. प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून ताकद भरपूर मिळायला हवी. पण धूर बाहेर जायचं भोक आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायचं भोक काही काळ एकदमच उघडी असतात. त्यामुळे ताजा माल जळायच्या आधीच धुराबरोबर बाहेर पळतो. युद्धाआधी डीकेडब्ल्यूने सुपरचार्जिंगचा, म्हणजे मिश्रण जोराने आत कोंबण्याचा, मार्ग धरला होता. युद्धानंतर शर्यतींत त्याला बंदी आली.

काडेनने पहिला तुकडा घेतला दानिएल त्सिमरमानकडून. त्सिमरमानने आरटीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला एक कापलेली पातळ चकती जोडली होती. ती फिरता फिरता आत येणारा रस्ता हव्या त्या क्षणी उघडायची आणि हव्या त्या क्षणी बंद करायची. पिस्टनच्या मर्जीवर राहण्याची गरज संपली. दुसरा तुकडा सायलेन्सरचा. धूर बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून आवाजाच्या वेगाने धावते. नळी रुंद होत गेली की ती लाट उलटी फिरताना शोषून घेणारी होते, नळी अरुंद झाली की उलटी येताना ढकलणारी होते. म्हणून काडेनने नळीला आधी पसरणारा आणि मग आवळणारा शंकू दिला. पहिली परतलेली लाट सिलिंडर स्वच्छ ओढून काढते. दुसरी नेमकी भोक बंद व्हायच्या आधी पोचते, आणि एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर आत रेटतो तसं पळू पाहणारं मिश्रण परत आत रेटते. पोट फुगलेली नळी काडेनच्या आधीही दोघा-तिघांनी वापरून पाहिली होती. काडेनने ऑसिलोस्कोप लावून त्या लाटांची चाल पडद्यावर पाहिली आणि नळ्या कापून, जोडून, पुन्हा कापून लांबी पक्की केली. तिसरा तुकडा सिलिंडरच्या मागच्या बाजूला एक जादा भोक. त्यातून आणखी मिश्रण वर जायचं, आणि पिस्टनच्या तापलेल्या भागाला जाता जाता थोडा गारवाही मिळायचा.

या सगळ्याला किंमत होतीच. लाट वेळेवर परत येते ती ठराविक गतीलाच. त्या गतीच्या खाली इंजिन मरगळलेलं, वर गेलं की एकदम उसळी. स्वाराला गिअर सतत बदलत इंजिन त्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवावं लागायचं. त्यात पिस्टन तापून सीज झाला की मागचं चाक जागीच अडकायचं, म्हणून क्लचवर बोट ठेवूनच गाडी पळवायची.

१९६१ पर्यंत काडेनचं एका सिलिंडरचं १२५ सीसीचं इंजिन मिनिटाला १०,८०० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ती देऊ लागलं. लिटरला दोनशे. सुपरचार्जरशिवाय हा आकडा त्याआधी कुठल्याच इंजिनाने गाठला नव्हता. आपल्याकडे ज्या आरएक्स १०० वर दोन पिढ्या फिदा झाल्या, ती १९८५ मध्ये आली तेव्हा ९८ सीसीत ११ अश्वशक्ती देत होती. ती रस्त्यावरची गाडी, तुलना तशी अन्यायाची. पण तिच्या सायलेन्सरच्या पोटातही काडेनचेच शंकू दडलेले आहेत.

विजय मिळू लागले होते. १९५८ मध्ये होर्स्ट फ्यूग्नरने स्वीडनमध्ये २५० सीसीची ग्रां प्री जिंकली, एमझेडची पहिली. वर्षअखेर तो त्या गटात दुसरा आला. पुढच्या वर्षी गॅरी हॉकिंग या तरुण स्वाराने एमझेडवर स्वीडन आणि अल्स्टर अशा दोन शर्यती मारल्या. लगेच काउंट ऑगुस्टाने करार पुढे केला आणि हॉकिंग गेला. त्याला दोष कोण देणार? चोपाऊकडे द्यायला वेगवान गाडी होती, पैसा नव्हता.

घरचा माणूस म्हणजे एर्न्स्ट देग्नर. १९५६ मध्ये संघात आलेला, देखणा, नीटनेटका, आणि मुख्य म्हणजे इंजिन कळणारा. १९५९ मध्ये मोंझाला त्याने १२५ सीसीची शर्यत जिंकली. पश्चिमेकडच्या शर्यतींना तो जायचा. बायको आणि दोन मुलं मात्र पूर्व जर्मनीतच. स्वार परत यावा म्हणून सरकारला याहून चांगलं तारण मिळणार नव्हतं.

दुसरीकडे जपानच्या हमामात्सूतली सुझुकी कंपनी पहिल्यांदा आइल ऑफ मॅनला उतरली ती १९६० मध्ये. १२५ सीसीत तिच्या गाड्या १५ व्या, १६ व्या आणि १८ व्या आल्या. पुढचं वर्ष त्याहून वाईट. सुझुकीचा धंदा टू-स्ट्रोकवर होता, म्हणून होंडासारखं फोर-स्ट्रोककडे वळणं नको होतं. आणि चालणारा वेगवान टू-स्ट्रोक जगात एकाच संघाकडे होता. टीटीच्या दिवसांत दोन्ही संघांची ओळख झाली. देग्नर आणि सुझुकीची माणसं यांच्यात बोलणं झालं: पैसा, सुझुकीच्या गाडीवर जागा, आणि बदल्यात त्याला जे ठाऊक होतं ते.

त्या मोसमात देग्नर १२५ सीसीत होकेनहाइम, साक्सनरिंग आणि मोंझा जिंकला. गुणतक्त्यात तो होंडाच्या टॉम फिलिसच्या पुढे होता. पण मधे १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहू लागली, आणि बायकामुलांना घेऊन निघण्याचा सोपा रस्ता बंद झाला. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीतल्या एका मित्राच्या मदतीने त्याच्या बायकोला आणि मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार नेण्यात आलं. शर्यतीत देग्नरचं इंजिन मोडलं. तो संघाबरोबर परतला नाही. डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनी गाठली.

त्याने इंजिन मुद्दाम मोडलं, असा आरोप पूर्व जर्मनीने केला. मला तो पटत नाही. ती शर्यत जिंकण्यात सगळ्यांत मोठा फायदा त्याचाच होता. विश्वविजेता म्हणून पळाला असता तर त्याचा भाव वाढलाच असता. सरकारने त्याचं लायसन्स रद्द केलं आणि अर्जेंटिनाच्या शेवटच्या फेरीत तो उतरू शकला नाही. फिलिसने ती जिंकली आणि ४८ विरुद्ध ४२ गुणांनी विजेतेपद नेलं. होंडाच्या पहिल्या विजेतेपदांच्या त्या वर्षात एमझेडचं हातातोंडाशी आलेलं एकमेव विजेतेपदही गेलं.

देग्नर त्याच हिवाळ्यात हमामात्सूला पोचला. सुटे भाग, आकृत्या वगैरेंबद्दल बरंच रंगवून लिहिलं जातं. पण अशा इंजिनाचं गुपित एका कागदावर मावत नाही. नळीचा शंकू कुठे सुरू करायचा, चकती किती अंशांवर उघडायची, पिस्टनला किती मोकळीक ठेवायची म्हणजे तो सीज होणार नाही: हे सगळं वर्षानुवर्षं इंजिनं फोडून कळलेलं असतं, आणि ते देग्नरच्या डोक्यात होतं. सुझुकीकडे चांगला धातू होता, चांगली यंत्रं होती. एका हिवाळ्यात गाडी बदलली. १९६२ मध्ये ५० सीसीचा गट विश्वस्पर्धेत पहिल्यांदा आला. देग्नरने आइल ऑफ मॅन, हॉलंड, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी जिंकून पहिलंच विजेतेपद घेतलं. टू-स्ट्रोकवरचं हे पहिलं विश्वविजेतेपद. पूर्व जर्मनीतली फेरी त्याला अर्थात वर्ज्य होती.

पुढच्या वर्षी ह्यू अँडरसनने सुझुकीसाठी ५० आणि १२५ सीसी दोन्ही जिंकले. १९६४ मध्ये यामाहावर फिल रीडने २५० घेतलं. १९७५ मध्ये आगोस्तिनीने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर ५०० सीसीचं विजेतेपद मिळवलं, आणि तेव्हापासून २००१ पर्यंत त्या सर्वोच्च गटात टू-स्ट्रोकखेरीज कुणी विजेता झालाच नाही. होंडासारख्या फोर-स्ट्रोकच्या अभिमान्यालाही शेवटी इकडेच यावं लागलं.

देग्नरला चोर म्हणायचं की नाही, यावर अजून वाद होतात. त्याच्या जागी कुटुंब भिंतीआड ठेवून दर पंधरा दिवसांनी मोकळ्या जगात जाऊन परत यायची पाळी ज्याच्यावर आली नाही, त्याने घाईने निकाल देऊ नये असं मला वाटतं. पण किंमत काडेनने मोजली, हेही तितकंच खरं. ज्या शर्यतीत आपलं इंजिन जिंकायला हवं होतं तिथे आपलंच इंजिन दुसऱ्याच्या टाकीवरचं नाव मिरवताना त्याला पाहावं लागलं.

आणि सुख देग्नरच्याही वाट्याला फार आलं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये नव्या सुझुका ट्रॅकवर तो ज्या वळणावर पडला, त्याला त्याचंच नाव मिळालं. फॉर्म्युला वनच्या प्रसारणात दरवर्षी ‘देग्नर’ ऐकू येतं ते हेच. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर २५० सीसीच्या शर्यतीत गाडीने पेट घेतला आणि तो भयंकर भाजला. बरा होऊन परतला, जिंकलाही, पण काही वर्षांत थांबला. १९८३ मध्ये तेनेरिफेला त्याचं निधन झालं.

काडेन चोपाऊ सोडून गेला नाही. संघावरची नजर कडक झाली, पैसा होता तितकाच राहिला, तरी गाड्या निघत राहिल्या. १९६३ मध्ये साक्सनरिंगला, घरच्या लाखो प्रेक्षकांसमोर, पाहुणा म्हणून बसलेल्या माइक हेलवूडने एमझेडवर २५० सीसीची शर्यत मारली. पुढच्या वर्षी ॲलन शेफर्डने डेटोनाला अमेरिकेची ग्रां प्री जिंकली. कारखान्याचा मान मात्र हळूहळू डांबराकडून मातीकडे वळला: सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पूर्व जर्मनीने १९६३ पासून सलग पाच वर्षं करंडक नेला. साक्सनरिंगचंही काही खरं राहिलं नाही. १९७१ मध्ये तिथे २५० सीसी जिंकला पश्चिम जर्मनीचा डीटर ब्राउन, आणि प्रेक्षकांनी त्याच्या देशाचं राष्ट्रगीत गायलं. १९७२ नंतर ती शर्यत विश्वस्पर्धेतून बाहेर पडली. काडेन १९९६ पर्यंत जगला.

पुढच्या आठवड्यात हमामात्सूला जाऊ. काडेनचं तंत्र हाती आल्यावर सुझुकीने ५० सीसीत दोन सिलिंडर आणि चौदा गिअर कसे बसवले, आणि शेवटी नियम करणाऱ्यांना त्यांना आवर का घालावा लागला, ते पाहू.