दाताच्या मुळात रेझिन धरतं कसं? पाच गैरसमज

रूट कॅनल झालेल्या दाताचा वरचा भाग फारसा उरला नसेल, तर मुळात फायबरची पोस्ट रेझिन सिमेंटने बसवतात आणि वर कॅप चढवतात. जोगेश्वरी स्टेशनजवळचा दवाखाना असो की मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नियम सारखेच.

गैरसमज १ : सिमेंट भारी असलं की झालं.
वस्तुस्थिती : मुळाच्या आत इनॅमल नसतं. इनॅमलमध्ये सुमारे ९६ टक्के खनिज. १९५५ मध्ये दंतसंशोधक बुओनोकोर यांनी त्यावर आम्ल लावून रेझिन धरून दाखवलं. मुळातल्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, मात्र कोलॅजेन आणि पाणीही असतं. रेझिन त्या कोलॅजेनच्या जाळीत मुरतं तेव्हाच पकड येते, हे जपानच्या नाकाबायाशींनी १९८२ मध्ये दाखवलं.

गैरसमज २ : जितकं कोरडं, तितकं पक्कं.
वस्तुस्थिती : फॉस्फरिक आम्लाचं जेल साधारण १५ सेकंद ठेवून धुतलं की जाळी उघडी पडते. जोरात हवा मारली तर ती वाळल्या स्पंजासारखी आकसते आणि रेझिन आत शिरत नाही. पाणी साचलं तरी तोच घोटाळा. म्हणून डॉक्टर कागदाच्या बारीक काड्या आत घालून पाणी टिपतात, ओल मात्र ठेवतात. आम्ल वेगळं न लावता वापरायची सिमेंटंही आहेत. त्यांची रीत निराळी.

गैरसमज ३ : जंतू मारणारं औषध चिकटायलाही मदत करतं.
वस्तुस्थिती : रूट कॅनलमध्ये जंतू मारायला बहुधा सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. पण त्यातून मागे राहणारा ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉलही तसंच आडवं येतं. त्यामुळे शेवटची धुलाई महत्त्वाची.

गैरसमज ४ : सिमेंट घट्ट करायला निळा दिवा धरला की काम फत्ते.
वस्तुस्थिती : मुळाच्या खोलीत प्रकाश कमी होत जातो. म्हणून तिथे प्रकाशाबरोबर रासायनिक क्रियेनेही घट्ट होणारं सिमेंट वापरतात.

गैरसमज ५ : पोस्टमुळे मुळाला बळ येतं.
वस्तुस्थिती : पोस्ट फक्त वरचं बांधकाम धरून ठेवते. तिच्यासाठी मूळ जास्त कोरलं तर ते उलट कमजोर होतं. खरा आधार हिरडीच्या वर चहूबाजूंनी उरलेल्या सुमारे २ मिलिमीटर दाताचा. तेवढा दात आहे का, हे पोस्टआधीच डॉक्टरांना विचारा.

पोस्ट सुटून आली तर घाबरू नका. मूळ शाबूत असेल तर बहुधा ती पुन्हा बसवता येते. फक्त घरी फेव्हिक्विक लावू नका. सुटलेली पोस्ट आणि कॅप डबीत ठेवा आणि दवाखाना गाठा.