गच्चीवरची डिश : उपनगरांतील केबलचा आरंभ

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांत खासगी व्यापारी दूरचित्रवाणी शिरली ती गच्च्यांवरून ओढलेल्या केबलमधून. जाहिराती त्याआधीच आल्या होत्या. वरळीचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शन जाहिराती घेऊ लागले. वाहिनी मात्र सरकारचीच होती.

केबलची सुरुवात व्हिडिओ कॅसेटने झाली. ऐंशीच्या दशकात मोठ्या सोसायट्यांत एकाच व्हीसीआरची वायर घरोघर नेऊन सिनेमे दाखवले जात. १९९१ मध्ये एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या आल्या आणि या तयार वायरीला नवे काम मिळाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. देशातून उपग्रहाकडे प्रक्षेपण करायला खासगी कंपन्यांना मुभा नव्हती. त्यामुळे मुंबईत बनलेल्या कार्यक्रमांच्या टेपा हाँगकाँगला जात आणि तेच कार्यक्रम उपग्रहामार्गे मुंबईच्या गच्चीवर परत उतरत. वाहिनी फुकट होती: कंपनीला जाहिरातींचे उत्पन्न, केबलवाल्याला महिन्याची वर्गणी.

या धंद्यातली कारागिरी मुळातून पाहण्यासारखी आहे. डिशचे तोंड पूर्व-आग्नेयेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे. तिच्या नाभीशी बसवलेला एलएनबी अतिक्षीण संकेत वाढवतो आणि त्याची वारंवारता खाली आणतो. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक वाहिनीला वेगळा रिसीव्हर आणि वेगळा मॉड्युलेटर लागे. जुन्या टीव्हीवर आठ किंवा बाराच चॅनेल लागत, तेव्हा कोणती वाहिनी दाखवायची हे गल्लीतला केबलवालाच ठरवी. वाहिन्यांच्या मालकांइतकीच सत्ता त्याच्या हाती होती, असे म्हणायला हरकत नाही.

तारेच्या लांबीबरोबर संकेत मंदावतो, म्हणून वाटेत बूस्टर लागतात. पण बूस्टर संकेताबरोबर खरखरही वाढवतो. त्यामुळे लाइनीच्या टोकाच्या इमारतीत पडद्यावर मुंग्या दिसत. बूस्टरला वीज वाटेतल्या एखाद्या इमारतीतून घेतलेली असे. तिथला फ्यूज उडाला की पुढच्या साऱ्या घरांची केबल बंद. पावसाळ्यात जोडात पाणी शिरून तांब्यावर हिरवट गंज चढे. मग वायरमन ओल्या गच्चीवर बसून वायरीचे टोक सोलून नवा कनेक्टर बसवी. अशा वायरमनच्या अंगमेहनतीवरच उपनगरांत उपग्रह वाहिन्या टिकल्या, आणि ती मेहनत फारशी कुणी नोंदवून ठेवली नाही.

हे सारे कायद्याच्या आधीच उभे राहिले. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या चौकटीत रस्त्यावरून वायर नेणे अडचणीचे होते. वायरी तरीही झाडांवरून, गच्च्यांवरून गेल्या. १९९४ चा अध्यादेश आणि १९९५ चा केबल कायदा आल्यावर केबलचालकाला टपाल कार्यालयात नोंदणी करणे आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक झाले. त्याच सुमारास सिटीकेबल, इनकेबल, हॅथवे या मोठ्या कंपन्या उतरल्या. हळूहळू डिश आणि कंट्रोल रूम त्यांच्याकडे गेली. स्थानिक केबलवाल्याकडे वायरींची देखभाल आणि वर्गणीची वसुली उरली. ३१ ऑक्टोबर २०१२ ही अॅनालॉग केबल बंद करण्याची मुदत संपल्यावर मुंबईत केबलच्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स लावणे सक्तीचे झाले.