पाचटाला काडी लावण्याआधी

नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले की दौंड आणि शिरूरच्या शिवारात ऊसतोडीची धांदल उडते. टोळी फड मोकळा करून पुढे जाते, वाढे जनावरांच्या पुढ्यात पडते आणि वावरात उरते ते गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने. मग एखाद्या संध्याकाळी त्याला काडी लागते आणि बघता बघता रान काळेठिक्कर होते. पंजाब-हरियाणातल्या भाताच्या काडाच्या धुरावर आपल्याकडे चवीने चर्चा होते. याच तालुक्यांतल्या पाटस, वरवंड, न्हावऱ्याच्या पाचटाच्या धुरावर फारसे कुणी बोलत नाही.

खरे तर जळते काय, हे आधी बघायला हवे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते, म्हणजे एकरी साधारण सव्वातीन ते चार टन. त्यात नत्र अर्धा टक्का धरला तरी चार टनांत वीस किलो होतो. हा जवळपास युरियाच्या एका गोणीतला नत्र आहे आणि तो धुराबरोबर निघून जातो. तीस-पस्तीस टक्के सेंद्रिय कर्ब असतो, तोही जातो. राखेत पालाश उरतो हे खरे, पण ती राख वाऱ्यावर किती उडते आणि पहिल्या पाण्यासोबत किती वाहते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

तरीही शेतकरी पाचट हौसेने पेटवत नाही. सरीत पाचट असले की पाणी पुढे सरकत नाही. खुरपणीला, खत टाकायला अडचण होते. उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागे साप येतात, म्हणून मजूर वावरात पाय टाकायला तयार नसतात. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, मोडून गहू करायचा असेल तर रान लवकर हवे असते. शिवाय अनेकांनी एकदा पाचट ठेवून पाहिलेले असते. खोडवा पिवळा पडला, म्हणून ते पुन्हा काडेपेटीकडे वळले.

हा पिवळेपणा का येतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतो आणि तो ते जमिनीतून उचलतात. तेवढे दिवस पिकाची उपासमार होते. म्हणून कुजवण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत वापरण्याची शिफारस आहे. एकराला हे अनुक्रमे ३२, ४० आणि ४ किलो होते. जिवाणू खत शेणखतात मिसळून पाचटावर पसरायचे आणि पाणी द्यायचे.

त्याआधीचे काम मात्र हातानेच होते. बुडख्यांवर पडलेले पाचट ओढून सरीत लोटायचे, कारण झाकलेल्या बुडख्याला ऊन लागत नाही आणि फुटवे गुदमरतात. मग धारदार कोयत्याने बुडखा जमिनीलगत छाटायचा. वर चार बोटे कांडे राहिले तर त्यावरच्या डोळ्यांतून फुटवा येतो, तो कमजोर असतो. जमिनीखालच्या डोळ्यांतून आलेला कोंब जाड आणि जोमदार निघतो. पुढची खते पाचट बाजूला न करता पहारीने भोके घेऊन द्यायची. पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उसावर काम करते आहे आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर दौंडकरांच्या उंबऱ्यावर आहे. याची माहिती मिळवायला लांब जावे लागत नाही.

माझ्या मते या भागासाठी सगळ्यात मोठा मुद्दा पाण्याचा आहे. दौंडचा बराच ऊस खडकवासल्याच्या कालव्यावर, तर शिरूरचा चासकमान आणि कुकडीच्या पाण्यावर उभा आहे. उन्हाळी आवर्तन लांबले की आधी खोडवा सुकतो. पाचटाने झाकलेली सरी ओल धरते, तणही दाबते. एप्रिलमध्ये पाळी आठ-दहा दिवस पुढे गेली तर ही ओलच पीक तगवते. खडकवासल्याच्या पाण्यासाठी पुणे शहराशी भांडणाऱ्या दौंड तालुक्याने हातातली ओल जाळावी, हे मनाला पटत नाही.

आणि उसात आता फक्त ऊस राहत नाही. शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या फडांत बिबट्याच्या माद्या पिल्ले देतात. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यात अवसरीच्या शिवारात लावलेल्या आगीत बिबट्याचे पाच बछडे होरपळून मेले. तोडीत पिल्ले दिसली तर हात न लावता काम थांबवावे आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. बहुतेक वेळा मादी रात्री येऊन पिल्ले उचलते. पिल्ले गमावलेली मादी त्याच वस्तीच्या आसपास फिरत राहिली, तर धोका कुणाला, हे शिरूरकरांना सांगायला नको.

कायद्याचे म्हणाल, तर गावठाण आणि शहरातला पालापाचोळा, कचरा उघड्यावर जाळायला स्पष्ट मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. वावरातली आग दुसऱ्याच्या जिवावर बेतेल अशी हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दाम कुणाचे पीक पेटवले तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. बांधाला बांध लागून उभा ऊस, त्यात ठिबकच्या नळ्या आणि वर महावितरणच्या तारा. एक ठिणगी शेजाऱ्याचे वर्ष घालवते.

रोगट बेणे किंवा किडलेल्या फांद्या वावरात पेटवण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर थोडेच आणि एका जागी. भोवती दहा-पंधरा फूट जागा नांगरून मोकळी करावी, शेजाऱ्याला आधी सांगावे आणि पाण्याने भरलेला फवारणी पंप हाताशी ठेवावा. वारा पडलेला असावा, पण वेळ संध्याकाळची नसावी. थंडीत धूर खाली बसतो आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर वाहनांना समोरचे दिसत नाही. चारही बाजूंनी कधीच पेटवू नये. आतला ससा, पिल्लू किंवा माणूसही कोंडला जातो. विझल्यावर राखेवर पाणी मारून, ती गार झाल्याची खात्री करूनच घरी जावे. प्लास्टिक आणि खताच्या गोण्या तर कोणत्याच आगीत टाकू नयेत.

दौंड शहरात अंगणातल्या कडुलिंब-चिंचेच्या पाल्यालाही काडी लावायची गरज नाही; त्याला खड्डा किंवा विटांचे कोंडाळे पुरते. पाल्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, पुन्हा थर. ओल ठेवून अधूनमधून उलथले की चार-पाच महिन्यांत खत होते.

पण वावरातल्या एकरी चार टन पाचटाचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. कारखान्याच्या गट ऑफिसात तोडीचा कार्यक्रम लागतो, चिटबॉय कोणत्या फडात टोळी कधी येणार ते सांगतो. त्याच यादीला जोडून ट्रॅक्टरवरच्या पाचट कुट्टी यंत्राचीही पाळी लावता येईल. भाड्याचा काही वाटा कारखान्याने उचलावा, बाकी ऊसबिलातून कापून घ्यावा. कारखान्याच्या येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडायला हवा.