पहिला तवा घ्यायचा तर बिडाचाच!

नवं घर मांडताय आणि पैसे बेताचे आहेत? नॉनस्टिकच्या सेटआधी बिडाचा एक तवा घ्या. बीड तापायला वेळ लावतं, पण तापलं की उष्णता धरून ठेवतं. म्हणूनच घावन जाळीदार होतं, थालीपीठ खरपूस. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो, बिडाला ती भीती नाही. बूड सपाट बघून घ्या, इंडक्शनवरही चालेल.

नवा तवा घासून कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा. असं चार-पाचदा केलं की काळा, गुळगुळीत थर धरतो. चिंच-टोमॅटोचं आंबट त्यावर शिजवू नका, धुतल्यावर लगेच पुसा. मनगट दुखत असेल तर मात्र हलका लोखंडी पत्र्याचा तवाच घ्या.