पाळ पुढे, पाळी मागे

३१ मार्च १९५१ या दिवशी पूर्व विदर्भातल्या हजारो तलावांचे मालक बदलले. मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा त्या दिवशी अमलात आला, मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालकांची व्यवस्था, संपली आणि गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. पाणी होते तिथेच होते, पाळही तीच होती. तुडुम, म्हणजे शेतात पाणी सोडण्याचे तोंड, उघडण्यासाठी ज्याच्या दारात जायचे, त्या माणसाचा हक्क तेवढा गेला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारदरबारी त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव'. कारकुनांनी आद्याक्षरे जोडली आणि त्यांचे 'मामा तलाव' झाले. मामाचे घर भाच्यांचे हक्काचे असते, पण या मामाच्या घरी हक्क कोणाचा, हा वाद त्या दिवसापासून आजपर्यंत मिटलेला नाही.

एका जागी मुरलेली रीत नव्या मुलखात, नव्या हातांत, नव्या कामासाठी जाते तेव्हा तिचे काय होते, हे पाहायचे तर झाडीपट्टीतल्या, म्हणजे याच पूर्व विदर्भातल्या तलावाचा माग काढावा. तीनशे वर्षांत तो राजाकडून पाटलाकडे, पाटलाकडून मालगुजाराकडे, तिथून खात्याकडे गेला. भातासाठी बांधला गेला आणि माशांसाठी, पक्ष्यांसाठी, मतांसाठीही वापरला गेला. या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. मातीकाम आधी पोहोचते आणि त्याच्यामागचे नियम रेंगाळतात. पाळ पुढे जाते, पाण्याची पाळी मागे राहते.

सुरुवात कोहळ्यांपासून करावी लागते. गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे तलाव बांधण्यात वाकबगार असलेली माणसे त्याला भेटली आणि त्याने त्यांना आपल्या राज्यात आणून वसवले, अशी कोहळी समाजात परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. चांद्याच्या गोंड राजांबद्दल असेही सांगतात की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन बक्षीस मिळे. कथेतला इतिहास किती हा वाद बाजूला ठेवू, पण त्या बक्षिसातली अक्कल पाहण्यासारखी आहे. राजाच्या तिजोरीतून दमडी जात नाही, आणि बांधणाऱ्याने पाळ कच्ची ठेवली तर त्याचेच शेत कोरडे राहते. बांधकाम आणि देखभाल एकाच माणसाच्या पोटाशी बांधलेली.

मारुती चितमपल्लींच्या वाचकांना नवेगावबांध पक्ष्यांसाठी ठाऊक आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. भोवती टेकड्यांचे कडे आहे, आणि मधल्या खिंडी मातीने बुजवल्या की डोंगरच पाळीचे काम करतो. कमी मातीत जास्त पाणी धरण्याचे हे गणित कोहळ्यांना कागदाशिवाय येत होते. जास्तीचे पाणी काढून देण्यासाठी सलंग, शेतात सोडण्यासाठी तुडुम, आणि एका तलावाच्या सलंगीतून सुटलेले पाणी खालच्या तलावात. अशी साखळी गावागावांतून उतरत गेली. तिला जोडून शेताच्या डोक्याशी एकेकट्या कुटुंबाची लहान बोडी असे.

हे सगळे कशासाठी, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. इथे पाऊस कमी नाही, वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पडतो. पण रोवणी झाल्यावर, भारी धान निसवायच्या सुमाराला, हस्त नक्षत्र कोरडे गेले की हाताशी आलेले पीक जाते. तलावाचे मुख्य काम त्या एकदोन पाण्यांचे. तो बारमाही बागायतीसाठी नव्हता, विम्यासाठी होता. ही गोष्ट पुढे विसरली गेली.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्या दशकातल्या जमाबंदीने मालगुजारांना गावाची मालकी दिली. जुनी रीत नव्या कायद्याच्या चौकटीत शिरली. मालगुजाराने नवे तलाव बांधले, कारण धान पिकले तरच सारा वसूल होई. या काळाचे गोडवे गाणारे लोक आजही भेटतात. त्यांना आठवण करून द्यावी लागते की दरसालच्या पाळदुरुस्तीत श्रमदान किती आणि वेठ किती हे कुळालाच ठाऊक होते, आणि धिवराने धरलेल्या माशांतला वाटा मालकाच्या घरी जात असे. तरीही एक काम त्या राजवटीने नीट केले. गावाच्या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदल्या. पाण्याचा हक्क, वाट, मासेमारी या गोष्टी गावच्या तोंडी होत्या, त्या कागदावर आल्या.

त्याच सुमाराला रीत आणखी एका दिशेने पसरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, सिंचन आयोग बसला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सरकारने स्वतःच मोठे तलाव बांधायला घेतले. तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा हे त्याच पिढीतले. कल्पना कोहळ्यांचीच होती: टेकड्यांच्या कुशीत मातीची पाळ, खाली धानाच्या बांध्या. फरक मापाचा होता. पाणी आता एका गावाच्या शिवारात मावत नव्हते, पाट अनेक गावांतून जाऊ लागले. पाणी कधी सुटणार हे पाळीवर उभे राहून ठरेनासे झाले, ते कचेरीतून कळू लागले.

स्वातंत्र्यानंतर या मापाने आणखी उडी घेतली. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण १९७० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी आजच्या गडचिरोलीच्या हद्दीपर्यंत पोहोचले. या जलाशयाजवळच, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात, १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत वसली. सातूच्या मुलखातून आलेली ही माणसे इथे धान पिकवायला शिकली. आढावा घेणारे लोक हे उदाहरण गाळतात, मला मात्र ते फार बोलके वाटते. एखादी रीत किती रुजली आहे याची पारख तिच्यात न जन्मलेल्याने ती उचलली की होते.

आता पाळीकडे, म्हणजे नियमांकडे, वळू. १९५१ नंतर तलाव सरकारचे झाले. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्यावर शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे गेले. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि दप्तरांची पुन्हा वाटणी झाली. इतक्या हातांतून गेलेल्या तलावाची पाळ कोणी दुरुस्त करायची? खाते म्हणे निधी नाही, गाव म्हणे मालक सरकार. पाणीपट्टीवरून वेगळीच कुरबुर. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पाळीवर माती टाकली, त्यांना आपल्याच तलावाच्या पाण्याचे पैसे भरणे पटेना.

कायद्यातली गंमत तर पाहा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वाजिब-उल-अर्जला जागा मिळाली. पाण्याच्या, वहिवाटीच्या आणि मासेमारीच्या चालीरीती नोंदवण्याची तरतूद झाली, पण ती फक्त अशा जमिनीपुरती आणि पाण्यापुरती, जी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीची अथवा ताब्यातली नाही. तलाव तर पंधरा वर्षांपूर्वीच सरकारचे झाले होते. म्हणजे रीत लिहून ठेवण्याची सोय नव्या कायद्यात आली आणि रीत ज्या पाण्याची होती ते पाणी नेमके तिच्या बाहेर राहिले.

तलावात गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणे आली, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. आणि तलावाकडून अपेक्षा मात्र वाढल्या. धानाची रीत पावसाळ्यातून उन्हाळ्यात सरकली, आणि जिथे पाटाचे किंवा मोटारपंपाचे पाणी आहे तिथे उन्हाळी धान होऊ लागले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, गिरण्या आणि हमीभावाची खरेदी धानाभोवतीच उभी आहे. पण ज्या साठवणीची आखणी हस्ताच्या एकदोन पाण्यांसाठी झाली, तिच्यावर मार्च-एप्रिलमध्ये उभे धान पोसायचे म्हणजे विम्याच्या रकमेवर घरखर्च चालवणे आहे.

बोडीसारखेच एका शेतापुरते पाणी धरणारे शेततळे राज्यभर गेले, त्याची कथा याहून उद्बोधक आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. बोडी वरून वाहून येणारा पाऊस धरते, जमिनीत मुरवते, आणि भरली की खालच्याला देते. नगर-नाशिककडच्या फळबागांच्या पट्ट्यात मात्र कित्येक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले आणि ती विहिरी-बोअरवेलच्या पाण्याने भरली गेली. भूगर्भातले सामाईक पाणी उपसून आपल्या तळ्यात कोंडायचे आणि उन्हात त्याची वाफ होऊ द्यायची! २०१७ मध्ये आलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेचा अनुभव मला त्या मानाने बरा वाटतो, कारण तलावातला गाळ शेतात नेणे ही शेतकऱ्याच्या फायद्याची जुनी सवय होती. सरकारने तिला फक्त यंत्र जोडून दिले.

नियमांसकट रीत दूर गेल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. स्पेनमधल्या पाटांची पद्धत वसाहतवाल्यांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोपर्यंत नेली, तेव्हा पाटाबरोबर मायोर्दोमो, म्हणजे पाणी वाटणारा कारभारीही गेला, आणि वसंतात सगळ्यांनी मिळून पाट उपसायची सक्तीही गेली. ते पाट आजही वाहतात. आपल्याकडे खानदेशातल्या फड सिंचनात पाटकरी आणि जागल्या याच कामाचे. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रभर पाणी वापर संस्था आणल्या. दिंडोरीच्या वाघाड धरणावर त्या आधीपासून चांगल्या चालत होत्या, म्हणून त्यांचा साचा राज्याला लावला. पण द्राक्षबागेचे मोजून दिलेले पाणी वेगळे आणि एका बांधीतून दुसरीत उतरणारे धानाचे पाणी वेगळे. वाघाडची शिस्त झाडीपट्टीत आणायची तर आधी इथली जुनी शिस्त काय होती ते विचारायला हवे होते.

ते विचारण्याचे काम झाले, पण पाणी वाटणाऱ्यांकडून नव्हे, मासे धरणाऱ्यांकडून. त्याची पार्श्वभूमी अशी. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि त्यातून देशभर मत्स्यबीज मिळू लागले. कतला, रोहू, मृगळ गावोगावच्या तलावांत आले. धिवरांच्या सहकारी संस्था झाल्या, ठेके सुरू झाले, बीज विकत घेणे आले. स्थानिक मासे आणि त्यांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती कमी होत गेल्या. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवरांच्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन उलटी वाट धरली. कोणता मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणते पाखरू कशात घरटे करते, ही माहिती त्या माणसांकडे होती. त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. त्या निवडून लावण्यात धिवर बायांचा हात मोठा.

या कामाकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर ती चिखलणी आणि रोवणीच आहे. बांधीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत पाळ ओलांडून तलावाच्या पोटात गेली. पीक बदलले, हंगाम तोच राहिला. आणि मुख्य म्हणजे इथे नियम कामाबरोबर आले: कुठे जाळे टाकायचे नाही, कोणता भाग राखायचा, हे करणाऱ्यांनीच ठरवले. आजवरच्या सगळ्या विस्तारांत हा मला सर्वांत अस्सल वाटतो. तीनशे वर्षांत पाणी वाटण्याच्या शिस्तीचे श्रेय ज्यांना कोणी दिले नाही, त्या जातीने तो घडवला, हेही नोंदवून ठेवायला हवे.

शेवटचा टप्पा कायद्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) ने पाणवठ्यांतले मासे व इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क मान्य केला. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये त्या गावाने स्वतःच्या परवान्यावर बांबू बाहेर काढला, आणि ती वाट देवरी-सडक अर्जुनीच्या ग्रामसभांपर्यंत आली. तेंदूपत्त्याचा लिलाव त्या स्वतः करू लागल्या. निस्ताराची, म्हणजे गावाने आपल्या गरजेपुरते जंगल-पाणी वापरण्याची, जुनी रीत या वेळी पाळीवाचून, मातीवाचून, नुसत्या नियमाच्या रूपात पसरली. वनहद्दीत असलेल्या तलावांवरही ग्रामसभा हक्क सांगू लागल्या आहेत. त्याच पाण्यावर एखाद्या खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा मासेमारीचा ठेका असेल, तर एका तलावाचे दोन कागद होतात. ग्रामसभेतल्या गोंडाने आणि मच्छीमार संस्थेतल्या धिवराने कुठला कागद मानायचा, हे दोन्ही कागदांत लिहिलेले नाही. ते त्यांना आपसात बसूनच ठरवावे लागेल, आणि काही गावांत ते बसले आहेत.